घरचं कुणीतरी घेऊन या

डॉ. राजुल मगदूम आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती, आणि तिच्यासमोर कुरुंदवाडचा पोस्टमन जीभ बाहेर काढून बसला होता.

निकाल तिच्या चष्म्याच्या काचेवरच उमटला. तिनं पोस्टमनला जीभ आत घ्यायला सांगितलं, घशासाठी गोळ्या लिहून दिल्या, बिडी सोडा म्हणून बजावलं, आणि तो 'बघू की' म्हणत गेल्यावर दार लावून निकाल पुन्हा वाचला. दुसऱ्यांदा वाचल्यानं त्यात काही फरक पडला नाही.

तिला न्यूझीलंडचा परवाना हवा होता. तिचा नवरा अभिनंदन दूध संघात इंजिनिअर होता. दोन वर्षांपूर्वी त्याला हॅमिल्टनजवळच्या दूध-पावडरीच्या कारखान्यात नोकरी लागली. तिकडची शाळा वेळेवर सुरू व्हावी म्हणून सात वर्षांची चंदना बापाकडे गेली, आणि परवाना हातात पडला की राजुल निघणार असं ठरलं. तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न, असं सगळे म्हणाले होते. त्या तीन-चार महिन्यांचे आता चौदा झाले होते. परवान्याशिवाय जाऊन नुसतं घरी बसायची तिची तयारी नव्हती. पंधरा वर्षं नाडी धरलेल्या हातांनी फक्त डबे भरायचे, हे तिला जमण्यातलं नव्हतं, आणि तसं ती कुणालाही तोंडावर सांगायची.

या परीक्षेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती आपल्या ओळखीच्या परीक्षांसारखी नाही. लेखी परीक्षा चार-पाच वर्षांपूर्वीच मोडीत निघाल्या होत्या. मसुराच्या दाण्याएवढ्या यंत्रात सगळं वैद्यकशास्त्र मावून ते कानात बसायला लागल्यावर डॉक्टरला काय येतं हे विचारण्यात अर्थ उरला नाही, कारण सगळ्यांनाच सगळं यायला लागलं. मग परवाना देणाऱ्या मंडळांनी प्रश्न बदलला. डॉक्टरला काय येतं ते राहू द्या, डॉक्टर काय करतो ते बघा.

उमेदवारानं आपल्याच गावात, आपल्याच पेशंटांमध्ये चाळीस दिवस नेहमीसारखं काम करायचं. डोळ्यांवर एक चष्मा, मनगटावर एक पट्टा. चष्मा बोलणं ऐकतो आणि नजर कुठे जाते ते टिपतो. पट्टा बोटांचा दाब, हाताची थरथर आणि नाडी मोजतो. पेशंटचं नाव आणि चेहरा तिथल्या तिथे पुसला जातो, उरतो तो आजार आणि डॉक्टरची वागणूक. या सगळ्यातून त्या डॉक्टरची एक गणिती प्रतिकृती तयार होते. तिला प्रतिवैद्य म्हणतात. अमुक पेशंट समोर आला तर ही बाई आधी काय विचारेल, कुठे हात लावेल, कुठे अडखळेल, हे प्रतिवैद्य जवळपास अचूक सांगतो. मग त्याला बारा हजार काल्पनिक पेशंटांपुढे बसवतात. हे पेशंट त्या परक्या देशातले असतात. तिथले आजार, तिथली वयं, तिथली घरं. एका दुपारात सगळे तपासून होतात, आणि डॉक्टरनं तिकडे दोन-तीन वर्षांत काय केलं असतं ते तिनं उंबरा ओलांडायच्या आधीच कळतं.

यातली मेख अशी, की आपली परीक्षा चालू आहे हे प्रतिवैद्याला माहीतच नसतं. डॉक्टर चार दिवस नाटक करील, चाळीस दिवस कुणाला जमत नाही. शिवाय तोंडातून शब्द निघायच्या पाव सेकंद आधी माणसाची नजर हलते, आणि प्रतिवैद्य शब्दांपेक्षा नजरेवर जास्त विश्वास ठेवतो. शंभर सर्दी-पडशांतून तो फारसं शिकत नाही. जिथे डॉक्टरची नाडी वाढते, जिथे सवयीच्या उलट जावं लागतं, असा एखादाच प्रसंग त्याला पुरतो.

दवाखान्याच्या दारात तशी पाटी लावलेली होती. 'येथे डॉक्टरांची परीक्षा चालू आहे. आपली ओळख साठवली जात नाही.' कुरुंदवाडकरांनी तीही मनावर घेतली. काही जण राजुलला सोपं जावं म्हणून आजारच कमी करून सांगायचे. एका आजीनं तर चष्म्यात तोंड घालून बजावलं होतं, "बाई लई हुशार हाय आमची. नापास केलंसा तर बघा."

तरी केलं. निदान सत्त्याण्णव, औषधं शहाण्णव, हात अठ्ठ्याण्णव. शेवटचा रकाना होता, 'रुग्णाला सांगणं.' त्यात एकतीस. पास व्हायला सत्तर लागत होते.

खाली तपशील होता. बारा हजारांपैकी अकराशे चाळीस जणांना गंभीर आजार होता. ज्यांच्याबरोबर घरचं माणूस आलं होतं अशा बहुतेकांना प्रतिवैद्यानं काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर पाठवलं आणि आजार घरच्यांना सांगितला. जे एकटे आले होते त्यांना तो म्हणाला, 'पुढच्या वेळी येताना घरचं कुणीतरी घेऊन या.' असे तीनशे एक्क्याण्णव. त्यातले दोनशेच्या वर परत आलेच नाहीत. तिकडे पुष्कळ लोक एकटे राहतात. घेऊन यायला त्यांच्याकडे कुणी नव्हतं.

एक नमुना सोबत जोडला होता. मार्गारेट नावाची बहात्तर वर्षांची काल्पनिक बाई म्हणत होती, "माझा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. घरी दुसरं कुणी नाही." त्यावर प्रतिवैद्य म्हणत होता, "मग शेजारी कुणी असेल तर त्यांना आणा." राजुलनं ते वाक्य दोनदा ऐकलं. आवाज यंत्राचा होता, बोलणं हुबेहूब तिचं होतं. ही मार्गारेट पुढे सात महिन्यांनी, निदान न कळताच, कागदावर वारली. कागदावरच, तरी राजुलला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अहवालाच्या शेवटी लिहिलं होतं की आणखी एकच संधी मिळेल. त्यातही नापास झाल्यास चार वर्षं अर्ज करता येणार नाही. चार वर्षांनी चंदना बारा वर्षांची झाली असती.

*

"मी पेशंटना बाहेर पाठवते का हो?" राजुलनं मालन सिस्टरना विचारलं.

मालन अकरा वर्षं या दवाखान्यात होत्या. पंचावन्नच्या आसपासच्या, विधवा, भावाकडे राहणाऱ्या. बाहेरच्या खोलीत त्यांचं टेबल, शेजारी वजनकाटा. त्यांनी राजुलकडे असं पाहिलं, की ही थट्टा करतेय की काय.

"वजनाला कोण पाठवतंय मग?" त्या म्हणाल्या. "आल्या आल्या सगळ्यांचं वजन मी करतेच की. मग तुम्ही आतनं सांगतासा, मामा, जरा पुन्हा वजन करून या. आन् इकडं दार लावून त्यांच्या पोराला सांगतासा."

राजुलला हे माहीत होतं आणि नव्हतंही. जिच्या हाताखाली ती शिकली त्या उपाध्ये मॅडम असंच करायच्या. त्यांना कुणी शिकवलं असेल, देव जाणे. पेशंटच्या तोंडावर असलं बोलायचं नसतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि कुणाला सांगावंही लागत नव्हतं.

"आणि पेशंटना ते कळत नाही?"

"न कळायला काय झालं? साऱ्या गावाला ठाव हाय. दुसऱ्यांदा काट्यावर चढलेला माणूस आकडा बघतच न्हाई, मॅडम. काही जण मला इचारत्यात, काय म्हणत्यात बाई आत? त्यांना मी म्हणते, पोराला इचारा, लपवू देऊ नका. काही जण इचारतच न्हाईत. ऊस कधी जाणार, त्येचं बोलत्यात. मग मी पण उसाचंच बोलते."

म्हणजे पंधरा वर्षं आपण जे झाकून ठेवत होतो ते झाकलेलं नव्हतंच, हे राजुलच्या लक्षात आलं. तिला थोडं हसू आलं आणि बराच राग आला. राग नेमका कुणाचा, ते ठरेना.

दुपारी एकला फोनवर अभिनंदन आणि चंदना आले. तिकडे रात्रीची जेवणं चालली होती.

"आई, तू डॉक्टर आहेस ना?" चंदनानं विचारलं. "मग डॉक्टरच्या परीक्षेत नापास कशी झालीस?"

"बोलण्यात गेले मार्क."

"माझे पण बोलण्यातच जातात," चंदना म्हणाली, आणि तिला बरं वाटलेलं दिसलं.

अभिनंदनचं डोकं इंजिनिअरचं. बिघाड कुठे आहे ते सापडलं की त्याच्या लेखी अर्धं काम झालं. "एकच गोष्ट चुकतेय ना? मग चाळीस दिवस ती बरोबर कर."

"नाटक केलं तर त्याला कळतं."

"मग नाटक करू नको. खरंच सांग सगळ्यांना." तो चपातीचा तुकडा मोडत म्हणाला. "एवढं काय अवघड आहे त्यात?"

बारा हजार किलोमीटरांवरून कुठलीच गोष्ट अवघड दिसत नाही. राजुलनं ते त्याला ऐकवलं नाही.

*

दुसरे चाळीस दिवस सुरू झाले. जुनं सगळं पुसून नवा प्रतिवैद्य शून्यातून शिकू लागला. रोज संध्याकाळी त्याचे अंदाजे गुण फोनवर यायचे.

चौथ्या दिवशी शामराव आले. साखर कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, बरोबर थोरला मुलगा. फोटोत फुप्फुसावर मोठी सावली होती. राजुलची नजर मुलाकडे निघाली होती, तिनं ती ओढून शामरावांकडे आणली. "शामराव, तुमच्या फुप्फुसात गाठ आहे. कॅन्सर असण्याची शक्यता जास्त आहे. तुकडा काढून तपासावा लागेल."

 शामरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलगाच उठला.

"मॅडम, जरा बाहेर या." बाहेर आल्यावर त्याचा आवाज चढला. "असं तोंडावर सांगायचं असतंय व्हय? मी मेलो होतो का?"

"आजार त्यांना आहे," राजुल म्हणाली. हे वाक्य तिनं आदल्या दिवशी अहवालात वाचलेलं होतं.

शामराव चार दिवस जेवले नाहीत. पाचव्या दिवशी मुलाला घेऊन मिरजेला गेले आणि तपासणी करून आले. यातल्या कुठल्या गोष्टीचा राजुलनं अभिमान धरावा आणि कुठलीची शरम, याचा निकाल काही लागला नाही. गुण मात्र पहिल्या खेपेच्या एकतीसच्या पुढे, एकोणचाळीसवर गेले.

हळूहळू ते तिच्या अंगवळणी पडू लागलं. दत्तवाडच्या एका बाईनं किडन्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई. आता घरात मला काय ठाव न्हाई असं दाखवाय नको." एकानं फाइल उचलली आणि तो जयसिंगपूरच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेला. त्याच्यामागून त्याचे पाच-सहा नातेवाईकही गेले. संध्याकाळची गर्दी थोडी कमी झाली. मालन सिस्टरना दुसऱ्यांदा वजनं करायचं काम उरलं नाही. त्या आपल्या टेबलाशी बसून आतून येणारा आवाज ऐकत, आणि पेशंट बाहेर आला की त्याला पाणी देत.

"आधी ते पाणी घेऊन मग हळूहळू समजायचं त्यांना," एकदा त्या म्हणाल्या. "आता समजल्यावर पाणी घेत्यात."

"तुम्हाला हे चूक वाटतं का?"

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्हाला पोरीकडं जायचं हाय, एवढं कळतंय."

सदतिसाव्या दिवशी गुण पासष्ट झाले आणि तिथेच अडले. सत्तर गाठायला तीन दिवस उरले होते. त्याच दिवशी दवाखाना बंद करताना मालन सिस्टर आत आल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, जरा हात लावून बघता का? उगंच शंका."

कपडे काढून तपासायचं असलं की चष्मा आपोआप बंद व्हायचा, तसा तो झाला. डाव्या स्तनात, वरच्या बाजूला, कडक आणि न हलणारी गाठ होती. किती दिवसांची, असं राजुलनं विचारलं. मालन म्हणाल्या, दिवाळीपासून. म्हणजे पाच महिने. पाच महिने ही बाई रोज तिच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर बसली होती.

दुसऱ्याच दिवशी राजुलनं त्यांना स्वतःच्या गाडीनं मिरजेला नेऊन तुकडा काढवला. त्या संध्याकाळी गुण सहासष्ट होते. एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, ऑपरेशननं बरा होण्यासारखा, आणि उशीर केला तर हाताबाहेर जाणारा.

*

दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर मालन सिस्टर आत आल्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा पेशंटच्या स्टुलावर बसल्या.

"तातोबा बाहेर बसलाय," त्या म्हणाल्या. तातोबा म्हणजे त्यांचा भाऊ. "त्याला आत पाठवते. त्याला सांगा काय ते. तवर मी वजन करून येते."

आणि त्या खरंच उठल्या.

तातोबाला राजुल ओळखत होती. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला असाच आजार झाला. तेव्हाही पेशंट वजनकाट्यावर होती आणि राजुलनं सगळं तातोबाला सांगितलं होतं. त्यानं घरी कुणाला न कळू देता बायकोला आठ महिने कुठल्याशा झाडपाल्यावाल्याकडे नेलं. नवव्या महिन्यात ती गेली. तिचा रोग काय होता हे तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

हे एक कारण होतं. दुसरं कारणही राजुलला ठाऊक होतं. ज्या माणसाला सांगताना स्वतःची नाडी धडधडेल असा प्रसंग प्रतिवैद्याला सर्वांत जास्त शिकवतो, आणि उद्या चाळिसावा दिवस होता. घरच्या किंवा दवाखान्यातल्या माणसाला तपासताना चष्मा काढून ठेवायची नियमात मुभा होती. तिचा हात चष्म्याच्या काडीपर्यंत गेला. मग तो खाली आला.

"बसा, सिस्टर."

"न्हाई मॅडम. मला न्हाई ऐकायचं. तातोबाला सांगा."

"बसा."

मालन बसल्या. मॅडमनी बसा म्हटल्यावर बसायची त्यांना सवय होती. राजुलनं त्यांच्या डोळ्यांत बघून, न अडखळता, सगळं सांगितलं. गाठ कसली आहे, किती वाढली आहे, ऑपरेशन कुठलं, त्यानंतर काय. चांगलं सांगितलं, नीट समजेल असं सांगितलं. मनगटावरच्या पट्ट्याखाली तिची नाडी एकशे अठरा होती.  सांगून झाल्यावर मालननी पदरानं स्टूल पुसलं, कशाला ते त्यांनाच ठाऊक, आणि त्या बाहेर गेल्या.

तातोबानं आत येऊन आरडाओरडा केला. "मला आधी सांगायचं होतासा. माझं मी बघितलं असतं." राजुल म्हणाली, "तेच नको होतं मला."  आठवड्याभरात मालनचं ऑपरेशन झालं, ते त्यांनी स्वतः सही देऊन करून घेतलं.

अंतिम निकाल त्याच्या आधीच लागला होता. रुग्णाला सांगणं, चौऱ्याहत्तर. चंदना फोनवर नाचली. अभिनंदन म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?" अहवालात दिवसवार आलेख होता. अडतिसाव्या दिवशी सहासष्ट, एकोणचाळिसाव्या दिवशी चौऱ्याहत्तर, चाळिसाव्या दिवशी तेवढेच. खाली एक ओळ होती, 'सर्वांत निर्णायक प्रसंग : ओळखीच्या स्त्री-रुग्णास थेट निदान. अत्युत्तम.' राजुलनं तो आलेख अभिनंदनला दाखवला नाही.

*

निघायच्या दिवशी ती मालनला भेटायला गेली. दवाखाना एका नव्या डॉक्टरला दिला होता, सामान गाडीत भरलं जात होतं, गाडी दीडला मालनच्या दारातूनच तिला घेऊन मुंबईला निघणार होती. अकरा वाजता मिरजेहून मालनच्या काखेतल्या गाठींचा रिपोर्ट तिच्या फोनवर आला होता. बारा गाठी काढल्या होत्या, बाराही स्वच्छ. रोग पसरलेला नव्हता. रस्ताभर राजुल मनाशी घोकत आली, की दारातूनच ओरडून सांगायचं.

मालन सोप्यात कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. तातोबा शेतावर गेला होता. राजुल आत येऊन खुर्ची ओढते न ओढते तोच त्या म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू?"

"विचारा की."

"माझ्यावर किती मार्क पडले?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी होती. तसं काही नसतं हो, असं म्हणणं राजुलच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आठ," ती म्हणाली.

मालननी हिशेब केला. "म्हणजे माझ्याबिगर नापास झाला असतासा."

"हो."

"मला वाटलं, माझ्यासाठी सांगितलासा."

"तुमच्यासाठीच सांगितलं, सिस्टर. तातोबांनी तुमचं काय केलं असतं ते..." ती थांबली. "आणि मार्कांसाठीही. चष्मा काढता येत होता. मी काढला नाही."

"त्यात माझं किती आन् मार्काचं किती?"

"मला माहीत नाही. खरंच नाही माहीत. त्या यंत्रालाही ते ओळखता येत नाही."

मालननी मान हलवली, बाजारात भाव ऐकून घेतल्यासारखी. "आप्रेशन झालं ते बरंच झालं. तातोबानं मला पाला खायला घालून मारली असती, त्यात काय वाद न्हाई. पर मी म्हटलं होतं, मला ऐकायचं न्हाई. तुम्ही बसा म्हटलासा. पयल्यांदा लोकांना सांगायचं न्हाई, ते तुम्हीच ठरवलासा. मग सांगायचं, ते पण तुम्हीच. आम्हाला इचारलं कुणी?"

राजुलला लाज वाटली. दोन्ही खेपांच्या ऐंशी दिवसांत तिनं शेकडो प्रश्न विचारले होते, कुठे दुखतं, कधीपासून, घरात कुणाला होतं का. हा एक विचारलेला तिला आठवेना. अत्युत्तम म्हणणाऱ्यांनाही तो आठवला नव्हता, पण त्यानं तिला काही बरं वाटलं नाही.

तिनं पर्स मांडीवर घेतली, फोन आतच राहू दिला.

"सिस्टर, तुमच्या काखेतल्या गाठींचा रिपोर्ट आलाय. ऐकायचाय?"

मालनचा हात वाकळेवर होता तिथेच थांबला.

"वाचलासा?"

"वाचला."

"मग तोंड तिकडं करा आधी. तुमच्या तोंडावर सगळं दिसतंय."

राजुलनं खुर्ची वळवली. समोर भिंत, भिंतीवर बी-बियाणं कंपनीचं कॅलेंडर, शेजारी घड्याळ. एकला दहा मिनिटं कमी होती. मागून आवाज आला, "उद्या ऐकलं तर?"

"उद्या मी नसेन. मिरजेचे डॉक्टर सांगतील."

"गाडी कितीला?"

"दीडला."

"मग बसा जरा," मालन म्हणाल्या.

राजुल बसली. वाईट बातमी पोटात ठेवून पेशंटशी उसापाण्याचं बोलणं तिला पंधरा वर्षं सहज जमलं होतं. चांगली बातमी धरून ठेवायची ही पहिलीच वेळ होती आणि ती तिला सोसवेना. एक शब्द टाकला असता तर त्या बाईचा जीव भांड्यात पडला असता. खुर्चीवर साधी सैल बसली तरी पाठीवरून त्यांना कळेल असं वाटून ती ताठ बसून राहिली. आपण हे का करतोय, असं तिनं स्वतःला दोन-तीनदा विचारलं. दर वेळी उत्तर तेच आलं, की विचारल्यावर थांबायचं असतं.

एक वाजता पर्समध्ये फोन वाजू लागला. हॅमिल्टनहून असणार. तिनं तो बंद केला. मागे मालन एकदा पाणी प्यायल्या, भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. एकदा हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं, राजुल वळली नाही. दीडला दारात गाडी थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग आत डोकावून म्हणाला, "मॅडम, पुढं घाटात गर्दी लागंल. इमान चुकंल."

"थांबा," राजुल भिंतीकडे बघत म्हणाली.

"किती येळ?"

"माहीत नाही."

तो कुरकुरत गेला. पावणेदोन झाले. दोनला पाच कमी असताना मागे कॉट करकरली, मालन उठून सरळ बसल्या असाव्यात.

"मॅडम."

"हं."

"सांगा."

राजुल वळली आणि तिनं सांगितलं.